‘हा नुसता गोंगाट आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

छोट्या जागांमध्ये होणाऱ्या रॉक बँडच्या कार्यक्रमांवर मी लिहिलं, त्यावर तुमची सविस्तर प्रतिक्रिया आली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सवडीने लिहिते आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. नातवाबरोबर कोरेगाव पार्कातल्या एका ठिकाणी तुम्ही गेलात, अगदी स्टेजला लागून जागा मिळाली, पण एक शब्द कळला नाही आणि कानठळ्या बसल्या. हे सगळं इंग्रजी बँडची नक्कल आहे. ज्यांच्यात दम असेल ते मोठ्या मंचावर येतीलच, तेव्हा ऐकू. तोवर यूट्यूब फुकट आहे, मग पाचशे रुपयांचं तिकीट कशाला? बारमध्ये ग्लासांच्या खणखणाटात वाजतं त्याला गाणं का म्हणायचं? आणि शेवटी विचारलंत, आमच्यासारख्यांनी तिथे उभं राहायचं तरी कुठे?

आधी आवाजाचं बोलू. शब्द कळले नाहीत ही तक्रार रास्त आहे, पण दोष बहुतेक वेळा गायकाचा नसतो, खोलीचा असतो. ड्रमसेटला एकही माईक लावला नाही तरी छोट्या खोलीत तो सगळ्यांवर भारी पडतो. मग गिटारवाला स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, वाढवतो, ते पाहून बेस गिटारवाला वाढवतो. गायकाला मात्र असं वाढत जाता येत नाही. त्याच्या पायाशी मॉनिटर असतो, त्यातून त्याचा आवाज त्यालाच ऐकू येतो. तो एका मर्यादेपलीकडे नेला की माईक तोच आवाज पुन्हा पकडतो आणि कानात घुसणारी शिट्टी सुरू होते. शिवाय गायकाच्या मागे दोन हातांवर ड्रमच्या झांजा असतात, त्या त्याच्याच माईकमध्ये शिरतात. साउंडवाल्याने गायकाला वर काढलं की झांजाही वर येतात.

चांगला साउंडवाला अशा वेळी आवाज वाढवायच्या मागे लागत नाही, तो कमी करत जातो. गिटारचं अँप तिरपं करायला लावतो, ड्रमरला हात हलका ठेवायला सांगतो, गिटारच्या स्वरांतला शब्दांच्या आड येणारा मधला पट्टा थोडा कापतो. त्याला हे करायला साउंड चेकचा, म्हणजे कार्यक्रमाआधी वाजवून आवाज जुळवून घ्यायचा, वेळ लागतो आणि तिथेच नवख्या बँडची गोची होते. शेवटी वाजवणारा मुख्य बँड सहसा सगळ्यात आधी चेक करतो. आधीच्याला उशीर झाला की पहिल्यांदा वाजवणाऱ्या पोरांच्या हाती दार उघडायच्या आधीची जेमतेम दहा मिनिटं उरतात. तुम्ही पहिलाच बँड ऐकून निघालात, आणि तेही गिटारच्या अँपसमोर बसून. तिथे बसलेल्याला अख्खा बँड ऐकूच येत नाही, एकट्या गिटारचा मारा होतो.

कानांचं म्हणाल तर तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा ठिकाणांसाठी निकष दिला: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज मोजला जावा, इयरप्लग मिळावेत. आपल्याकडे किती जागा हे पाळतात? दारावर हाताला शिक्का मारतात तसे इयरप्लगही द्यायला हवेत, आणि हे मी आयोजकांशी बोलताना दरवेळी सांगते.

आता नकलेचा मुद्दा. ऐंशीच्या दशकात आपले बरेचसे बँड परदेशी गाणीच वाजवत, हे खरं. पण तिथून ते पुढे सरकले. १९८४ साली मुंबईत सुरू झालेल्या रॉक मशीन या बँडने १९८८मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, आणि १९९३ साली नाव बदलून ते इंडस क्रीड झाले. १९८६ साली फरहाद वाडियांनी इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू केला आणि मुंबईतल्या रंगभवनच्या उघड्या प्रेक्षागृहात गावोगावचे बँड वाजवू लागले. कोलकात्यात तर त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात, मोहीनेर घोडागुली हा बँड बंगालीत गात होता आणि त्याच्या चालींत बाउल हे बंगालचं लोकसंगीत होतं. दिल्लीचा इंडियन ओशन, केरळचा मल्याळममध्ये गाणारा अवियल, आपल्या पुण्याचा हिंदीत गाणारा अग्नी, यांना कोणाची नक्कल म्हणायचं? शिलाँगचा सोलमेट इंग्रजीत ब्लूज हा अमेरिकी गानप्रकार गातो, पण त्या गावात इंग्रजी गाणी घराघरात आहेत. ती भाषा त्यांनी उसनी आणलेली नाही.

मराठीत मात्र हे फार कमी घडलं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्याकडे शब्दाला महत्त्व देणारा श्रोता आहे, तालाची जाण असलेला श्रोता आहे. पण तो या खोल्यांत येत नाही. समोर मराठी ऐकणारे नसतील तर चार मुलं मराठीत गाणं लिहून कोणाला ऐकवणार? तुमच्यासारखा माणूस पाऊण तास तरी तिथे थांबला, याचं मला अप्रूप आहे ते यासाठीच.

दम असेल तर मोठ्या मंचावर येतील, असं तुम्ही म्हणता. पण तो दम कुठे येतो? २०१०पासून पुण्यात एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव होऊ लागला तेव्हा तिथे वाजवणारे किती तरी भारतीय बँड आधी अशाच खोल्यांत घासून तयार झालेले होते. महोत्सवात बँडला मोजका वेळ मिळतो, त्यात तो हमखास दाद घेणारी गाणीच वाजवतो. नवीन गाणं तो छोट्या खोलीत काढतो.

मी पाहिलेलं एक सांगते. पुण्यातलाच एक बँड होता. स्टेज म्हणजे वीतभर उंचीचा चौथरा. ड्रम घसरू नयेत म्हणून खाली जुना गालिचा, आणि गायिकेच्या पायापाशी टेपने चिकटवलेला गाण्यांच्या यादीचा कागद. मी इतकी जवळ होते की तो उलटा वाचता येत होता. चौथ्या ओळीवर गाण्याचं नाव नव्हतं, नुसतं ‘नवीन’ लिहिलेलं. ते गाणं सुरू झालं, पहिलं कडवं लोकांनी कान देऊन ऐकलं, दुसरं लांबलं आणि मागची मंडळी आपसात बोलू लागली. बेसवाल्याने मान वर करून खोलीकडे पाहिलं, मग ड्रमरकडे. दोघांनी डोळ्यांनी काहीतरी ठरवलं आणि तिसरं कडवं येण्याआधीच ताल निम्म्यावर आणला. गायिका क्षणभर गोंधळली, मग तिने ओळ सोडून दिली आणि फक्त सूर धरला. बोलणारे गप्प झाले. पुढे काही महिन्यांनी तेच गाणं पुन्हा ऐकलं तेव्हा त्याला नाव मिळालं होतं, दुसरं कडवं गेलं होतं, आणि मधली ती निम्म्या लयीची जागा गाण्याचा कणा झाली होती. ती जागा त्या खोलीने दिली. यूट्यूबवर आता ते गाणं पक्कं होऊन आलंय, सुंदर आहे. पण ते घडताना ऐकायचं असेल तर तिथेच जावं लागतं.

पाचशेचं तिकीट तुम्हाला जास्त वाटलं. बऱ्याच ठिकाणी ते ४९९ असतं, कारण पाचशेपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, त्यावर गेलं की १८ टक्के. त्यातून तिकीट विकणाऱ्या ॲपचं कमिशन जातं, कधी साउंडवाल्याचे पैसे जातात, आणि उरलेल्यात जागा आणि बँडची वाटणी. मुंबईहून चौघे-पाचजण ड्रमच्या पेट्या घेऊन गाडीने येणार, रात्री परत जाणार. त्यांना टोल-पेट्रोल सुटलं तरी खूप. बहुतेकजण नोकरी सांभाळून पदरमोड करून हे करतात. तुमच्या पाचशेतून त्यांच्या हातात जे पडतं, ते व्हिडिओ पाहून पडत नाही.

बारबद्दल. बँडला बारची हौस नसते, पण दुसरं कोणी दार उघडत नाही. रंगभवनमध्ये बार नव्हता. १९७८ साली जॅझ यात्रा हा जॅझ संगीताचा महोत्सवही तिथेच झाला. पण शेजारी कॉलेज आणि रुग्णालय, त्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम आला आणि तिथलं संगीत थांबलं. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही, तेव्हा बंद खोली लागते, आणि त्या खोलीचं भाडं खाण्यापिण्याच्या विक्रीतून निघतं. तरीही हिशेब दरवेळी जमतोच असं नाही. मुंबईत लोअर परळच्या मथुरादास मिलमधला ब्लू फ्रॉग हा संगीत क्लब २००७ साली उघडला, तिथे बसून ऐकण्यासारखी उत्तम व्यवस्था होती, आणि २०१६मध्ये तो बंद झाला. महापालिकेच्या नाट्यगृहांनी महिन्यातली एक तारीख अशा बँडना वाजवी भाड्यात दिली, तर बारशिवाय कार्यक्रम करायला कितीतरी जण आनंदाने तयार होतील. तुम्ही ही मागणी लावून धरलीत तर पहिली सही माझी.

राहिला उभं राहण्याचा प्रश्न. स्टेजजवळ जाऊ नका. साउंडवाल्याचा मिक्सर, म्हणजे सगळे आवाज जुळवायचं बटणांचं यंत्र, जिथे असेल त्याच्या अगदी पुढे किंवा शेजारी थांबा; तो स्वतःच्या कानाने जे जुळवतो ते नेमकं तिथेच ऐकू येतं. दुपारी फोन करून ‘ज्येष्ठ नागरिक आहे, स्टूल ठेवा’ म्हणा, सहसा नाही म्हणत नाहीत. औषधाच्या दुकानात फोमचे इयरप्लग मिळतात. चुरगळून कानात नीट आत बसवले की झांजांची धार मरते. आणि पहिल्या बँडवर निघू नका, दुसऱ्यापर्यंत थांबा. तोवर साउंडवाल्याला खोली कळलेली असते.