बॅकअप? छे, आमच्याकडे रेड आहे!

सर्वप्रथम अभिनंदन. ऑफिसच्या कोपऱ्यात, यूपीएसच्या डोक्यावर, चार डिस्कचा तो काळा डबा तुम्ही एकदाचा बसवलात. विकणाऱ्याने सांगितलंच आहे, "साहेब, रेड फाइव्ह आहे, एक डिस्क उडाली तरी डेटाला धक्का लागत नाही." रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जुंपून, एक गेली तरी उरलेल्यांवरून तिचा डेटा पुन्हा रचता येईल अशी मांडणी. तेव्हा विकणाऱ्याचं बोलणं अक्षरशः खरं आहे. एक डिस्क उडाली तर. बाकी कशाबद्दल तो बोललाच नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत, हे उत्तम झालं. आता ही निश्चिंती टिकवायची कशी, तेवढं पाहू.

सुरुवात खरेदीपासून. चारही डिस्क एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून घ्या. सीरियल नंबर ओळीने आले तर दुधात साखर. एकाच लॉटमधल्या, एकाच डब्यात एकाच उन्हाळ्यात तापलेल्या आणि सारखेच तास फिरलेल्या डिस्कांची दुखणीही सारखीच असतात. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवरचा मूळ निबंध लिहिला, तेव्हा प्रत्येक डिस्क आपापल्या मरणाने, दुसरीशी संबंध न ठेवता मरते, असं गणितात धरलं होतं. बिचाऱ्यांनी तुमचं खोकं पाहिलं नव्हतं.

पुढे कधीतरी डबा टीं-टीं करू लागेल आणि हिरवा दिवा नारिंगी होईल. घाबरू नका. सेटिंगमध्ये बझर बंद करायची सोय असते. फाइली उघडताहेत ना? मग झालं. ईमेलवरही सूचना जाते, पण ती डबा बसवणाऱ्या मुलाच्या पत्त्यावर, आणि तो केव्हाच नोकरी सोडून हिंजवडीला गेला. 'डिग्रेडेड' (म्हणजे एक डिस्क गेली, आता आधार नाही) या शब्दाकडे कानाडोळा करून माणूस वर्ष वर्ष सुखाने काम करू शकतो.

आता अगदीच कोणी मागे लागून नवी डिस्क घालायला लावली, तर रीबिल्ड सुरू होईल. ही खरी मजा. आठ-आठ टेराबाइटच्या चार डिस्क असतील, तर गेलेली डिस्क पुन्हा रचायला उरलेल्या तिन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे चोवीस टेराबाइट. स्वस्त डिस्कच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की साधारण साडेबारा टेराबाइट वाचनात एखादी न वाचता येणारी जागा निघू शकते. (प्रत्यक्षात डिस्क बहुधा याहून बऱ्या निघतात, माहितीपत्रक कंपनीचा वकील लिहितो.) तशी जागा निघालीच, तर काही कंट्रोलर (डब्यातल्या डिस्कांचा कारभार पाहणारा भाग) तेवढा तुकडा सोडून पुढे जातात, काही तिथेच हात वर करतात. तुमचा कोणता, हे आधी तपासू नका. उत्सुकता जाईल. शिवाय हे काम दिवस दिवस चालतं, आणि उरलेल्या तीन म्हाताऱ्यांनी इतकी धावपळ जन्मात केलेली नसते.

पण डिस्क मरणं ही किरकोळ बाब. गेल्या वर्षीचा जीएसटीचा फोल्डर जुना समजून कोणी शेअर्ड ड्राइव्हवरून उडवला, की रेड तो आज्ञाधारकपणे सगळ्या डिस्कांवरून एकाच क्षणी उडवते. कसलीही हयगय नाही. आरशासमोर मिशी उडवली की आरशातल्याचीही उडते, त्यातला प्रकार. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइलींना कुलूप घातलं, तर तेही सर्व डिस्कांवर सारख्याच निष्ठेने घातलं जातं. गरज एका चांगल्या प्रतीची होती; मिळतात वाईटाच्या दोन.

मोठ्यांचा कित्ता गिरवायचा असेल तर प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी गिटलॅब ही कंपनी घ्या. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. हात आवरला तेव्हा सुमारे तीनशे जीबीपैकी साडेचार उरले होते. नेमाने निघणारे बॅकअप शोधले, तर ते साठवायची ऑनलाइन 'बादली' (बकेट) रिकामी! बॅकअपचा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता, त्यामुळे तो निमूटपणे फसत होता. फसल्याचे मेलही निघत होते, पण मेल सर्व्हर ते नाकारत होता. वाचवलं ते सहा तास आधी कोणी भलत्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेल्या स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीने. तेव्हा बॅकअप घेतलाच, तर तो परत उतरवून पाहण्याचा आगाऊपणा करू नका. नशीब कशासाठी असतं?

याहून आदर्श दक्षिण कोरियाचा. तिथल्या सरकारने कर्मचाऱ्यांना सांगितलं, कामाचे कागद स्वतःच्या संगणकावर ठेवू नका, सरकारी जी-ड्राइव्हवर ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटरीची आग लागली आणि ८५८ टेराबाइटचा तो ड्राइव्ह जळाला. बाहेर प्रत नव्हती. कारण काय, तर साठा फार मोठा! पुढच्या वेळी बॅकअपची डिस्क मागायला कोणी केबिनमध्ये आलं, की हे कारण बिनदिक्कत वापरा.

काही खडूस लोक तरीही सांगतील, तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. मोडता घालू नका. त्याच डब्यात तीन फोल्डर करा: 'फायनल', 'फायनल नवीन' आणि 'फायनल नवीन बॅकअप'. दुसरी जागा म्हणजे दुसरा फोल्डर, असंच समजायचं. यूएसबी डिस्क आणलीच तर ती कायम जोडलेली ठेवा, म्हणजे व्हायरसला शोधाशोध नको.

आणि हो, जागतिक बॅकअप दिन असतो ३१ मार्चला. ठरवणाऱ्याने आपल्या अकाउंट्स विभागाला विचारलेलं दिसत नाही. त्या रात्री ऑफिसात चहा आणि वडापाव यांपलीकडे कशाचीही प्रत निघत नाही. तेव्हा १ एप्रिल धरा. त्या दिवशी बँकाही वार्षिक हिशेबासाठी गिऱ्हाइकांना बंद असतात.