दुरुस्ती नव्हे, सुधारणा

हिशेबाच्या धंद्यात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला एक फरक झोपेतसुद्धा कळतो. मोडलेलं होतं तसं केलं, तर ती दुरुस्ती. तो खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो. होतं त्याहून चांगलं केलं, तर ती सुधारणा; तो खर्च मालमत्तेच्या किमतीत चढतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे विणकरांच्या वस्तीतल्या, कितीतरी कारखानदारांना मी हे एका कटिंग चहात समजावलंय. घरी मात्र तीन वर्षं झाली, माझी बाजू काही मांडून होत नाही. बायको म्हणते, "अहो, गळणारी गाडी गळायची थांबली, यात सुधारणा कसली?"

गाडी जर्मन आहे. काळी, दोन दारांची, कापडी टपाची. बटण दाबलं की टप आपला आपण घडी होतो आणि मागे डिकीत जाऊन बसतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी ती बनवली २००८ साली, आणि त्यानंतर माझ्या हाती येईपर्यंत तिचं जे काही झालं त्याला ते बिचारे जबाबदार नाहीत.

विकणारे गृहस्थ पुण्याचे. "एकहाती वापर. चौदा वर्षांत फक्त एकेचाळीस हजार किलोमीटर. गॅरेजबाहेर काढलीच नाही म्हणा ना!" हे ते अभिमानानं सांगत होते आणि मी भक्तिभावानं ऐकत होतो. गाडी उभी राहिली की रबर कडक होतं, सील सुकतात, बॅटरी मरते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. किमतीबद्दल बोलत नाही. तेवढ्यात सात सीटांची नवीकोरी गाडी आली असती, हे वाक्य आमच्या घरात आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीसारखं म्हटलं जातं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती घेऊन निघालो. भिगवण मागं पडल्यावर हिंमत करून बटण दाबलं. काचा किंचित खाली आल्या, मागचं झाकण वर उठलं, टपानं अंग चोरून घडी घातली, आत गेला, झाकण मिटलं. चोवीस सेकंद. वर निळंभोर आकाश. आयुष्यात पहिल्यांदा मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. ते टेंभुर्णीपर्यंत टिकलं. टेंभुर्णीच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर लागला. आपला जिल्हा कारखान्यांचा, हंगाम ऐन भरात. सोलापुरात शिरलो तेव्हा डोक्यात पाचट, खिशात पाचट, आणि मागच्या सीटवर एका शेळीचं जेवण होईल एवढं वाडं.

दारात आई उभी होती. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"पत्रा कुठाय रे ह्याचा?"

"आई, ही अशीच असते."

"घेताना बघितलं नाहीस होय?"

शेजारचा मित्र गॅलरीतूनच ओरडला, "का बे, वरातीला लावणार काय? दिवसाला किती घेणार?" सोलापुरात उघड्या गाडीत बसायचा मान दोघांनाच, नवरदेव आणि निवडून आलेला नगरसेवक. मी दोन्ही वयांच्या पलीकडं गेलेलो. त्यामुळं पहिले सहा महिने मी टप उघडून निघालो की लोक आधी मागं बघायचे, बँड कुठं राहिला म्हणून.

उघड्या टपाला आपल्याकडं ऋतूच नाही, हे लक्षात यायला एक वर्ष लागलं. मार्च ते मे आपल्याकडं पारा चाळिशीच्या आसपास रेंगाळतो. काळ्या चामड्याच्या सीटवर दुपारी बसणं म्हणजे कडक भाकरीनं तव्यावर बसणं. भाकरी निदान उलटून तरी घेतात. जूनपासून ढग. सोलापूरचा पाऊस तसा कंजूष, पण नेमका टप उघडा असताना पडायची त्याला खोड आहे. राहता राहिली थंडी, तर थंडीत ट्रॉल्या. सगळं वजा जाता वर्षातून संध्याकाळी सात ते नऊ असे साधारण वीस-बावीस दिवस उरतात, आणि त्या दिवसांत गाडी मिस्त्रीकडं असते.

पहिली सुधारणा बटणांची. या गाड्यांच्या आतल्या प्लॅस्टिकवर मऊ मुलायम थर दिलेला असतो, हाताला मखमल लागावी म्हणून. उन्हात वर्षानुवर्षं राहिला की तो थर विरघळतो. एसीचं बटण दाबलं की बोट परत येताना बटण सोडायला तयार नसायचं. लाडूचा पाक एकतारी झाला का बघतात ना, तशी तार निघायची. एका रविवारी स्पिरिट आणि जुनं बनियन घेऊन बसलो. थर निघाला, मखमल गेली, आणि त्याबरोबर बटणांवरची चित्रंही गेली. आता कुठलं बटण कशाचं ते मला पाठ आहे. बायको दाबते तेव्हा काच उघडेल की सीट पुढं सरकेल हे तिच्या नशिबावर असतं. हे मी सुधारणेच्या रकान्यात टाकलं.

कारण तोवर मी वही घातली होती. निळ्या पुठ्ठ्याची, दोन रकाने, डावीकडं दुरुस्ती, उजवीकडं सुधारणा. धंद्यातल्या मोटारगाडीवर प्राप्तिकरात वर्षाला १५ टक्के घसारा धरतात. दरवर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के, म्हणजे गाडी कागदावर झिजत जाते पण संपत कधीच नाही. माझ्या गाडीचं नेमकं उलट होतं. ती रस्त्यावर झिजत होती आणि वहीत वाढत होती.

गतिरोधकांचं फार लिहीत नाही. गाडी जमिनीपासून एवढी खाली की होटगी रोडवरचा प्रत्येक गतिरोधक मी तिरका चढतो, एक एक चाक, नवी नवरी माप ओलांडते तशी. मागचे लोक हॉर्न वाजवतात. वाजवू देत.

खरं रामायण टपाचं. दुसऱ्या वर्षी संध्याकाळी सात रस्त्याला सिग्नलवर उभा होतो. वारा छान सुटला होता, म्हणून बटण दाबलं. झाकण उघडलं, टप उठला आणि अर्ध्यावर थांबला. ना पुढं, ना मागं. आकाशाकडं ताठ उभा. गड्ड्याच्या यात्रेतला नंदीध्वजच, फक्त पेलायला मानकरी नव्हते. सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. एका पोरानं सायकल थांबवली आणि शांतपणे विचारलं, "काका, हे गाडीत बसायचं हाय का गाडीखाली?" शेवटी चौघांनी मिळून टप हातानं दाबून बसवला, आणि मी वीसच्या वेगानं घरी आलो.

माहितगारांना फोन केले. एकानं पंप बदला म्हणून सांगितलं आणि जो आकडा उच्चारला तो मी ताबडतोब विसरायचा प्रयत्न केला. मग आमचे मिस्त्री. त्यांचा हात ट्रॅक्टर-ट्रॉलीवर बसलेला. डिकीचं अस्तर उचकटून ते बराच वेळ आत वाकून राहिले. बाहेर आले ते बोटाला तेल लावून.

"साहेब, ट्रॉलीचा जॅक आणि हे, बापलेक हायत. तेलच ढकलतंय की. सील गेलंय, तेल खाली आलंय, ताकद कुठनं येणार?"

दोन दिवस ते जुनं सील खिशात घालून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फिरत होते. तिसऱ्या दिवशी त्याच मापाचं सील घेऊन आले. किंमत ऐंशी रुपये. मजुरी अर्थातच वेगळी, आणि मजुरी सांगताना मात्र ते ट्रॉली साफ विसरले आणि गाडी जर्मन आहे हे त्यांना आठवलं. तरी टप पुन्हा चोवीस सेकंदांत उघडायला लागला. सव्वीस म्हणा. ही दुरुस्तीच होती, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. पण त्याच ओघात मिस्त्रींनी टपाच्या कडेची पाणी जायची भोकं तार घालून मोकळी केली. त्यांतून निघाला मूठभर कडुनिंबाचा पाला आणि सुकलेला चिखल. ते पाणी बाहेर न जाता इतके दिवस माझ्या सीटखाली साठत होतं आणि मी उगाच एसीला दोष देत होतो. भोकं मोकळी करणं ही सुधारणा. बायकोनं वहीत तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय.

मधल्या काळात गाडीला पंधरा वर्षं भरली, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण आणि वर पर्यावरण कर आला. तपासणीच्या दिवशी साहेबांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले आणि हळूच म्हणाले, "उघडून दाखवा की एकदा." उघडला. रांगेतले रिक्षावाले, टेम्पोवाले सगळे जमले. मिटवला. "परत एकदा." अशी चार वेळा तपासणी झाल्यावर गाडी पास झाली.

मग कापड. घडी पडते त्या जागी टप विरायला लागला होता, बोटभर लांबीची पांढरी रेघ. नवा टप परदेशातून मागवण्याआधी मला एकदम सुचलं, अरे, आपण राहतो कुठं! आमचे एक जुने अशील आहेत, पूर्व भागातले, सत्तरी ओलांडलेले, चादरीच्या मागांवर आयुष्य गेलेलं. गाडी त्यांच्या दारात नेली. आत मागांचा खडखडाट चालू. ते आले, गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ टपाचा काठ अंगठा आणि तर्जनीत धरून चोळला. डोळे मिटले. खिशातून धागे मोजायचं भिंग काढलं, टपावर टेकवलं आणि वाकून उभे-आडवे धागे मोजायला लागले. ओठ हलत होते, मोजणी तेलुगूत चालली होती. मी उन्हात उभा. मग त्यांनी विरलेली रेघ नखानं किंचित उचकली.

"वर ॲक्रिलिक. मधी रबर. खाली पॉलिस्टर. तीन हायत." थोडं थांबून, "वीण चांगली केली त्यांनी."

जर्मनीला एवढं मोठं प्रशस्तिपत्र मिळालं याची तिकडं कुणाला कल्पना नसेल.

"पण साहेब, घडी रोज एकाच जागी पडायलीय. तिथं विरणारच. चादर पेटीत ठेवतो तर वर्षातनं एकदा घडी बदलतो का नाही आपण?"

"टपाची घडी कशी बदलणार? ती मशीन घालते."

त्यांनी पहिल्यांदा संपूर्ण गाडीकडं बघितलं, आणि तिला अशा गोष्टी कुणी शिकवल्याच नाहीत याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. त्यांच्या ओळखीच्या कुशनवाल्यानं आतून पट्टी लावून, दुहेरी शिवण घालून ती जागा अशी पक्की केली की आता बाकीचा टप विरेल पण ती पट्टी राहील. निरोप घेताना म्हाताऱ्यांनी सीटवर हात टेकवला, चटका बसला, आणि ते आतून चार टर्किश टॉवेल घेऊन आले. तेव्हापासून जर्मन चामड्यावर सोलापुरी टॉवेल आहेत. पाठ भाजत नाही. माझ्या मते तीन वर्षांतली सगळ्यात मोठी सुधारणा ती, आणि फुकट.

आता गेल्या सप्टेंबरचं सांगतो. पुण्याच्या भाचीचं लग्न ठरलं होतं. सोलापूरकरानं लग्नाला जाताना चादर आणि शेंगा चटणी नेली नाही तर जेवण मिळतं, पण मान मिळत नाही. चाटी गल्लीत गाडी जाण्यासारखी नाही, म्हणून ती पार्क चौकात लावली, चादरींचा गठ्ठा खांद्यावरून आणला आणि डिकीत कोंबला. टप खाली असल्यामुळं डिकी म्हणजे जेमतेम एक खण. संध्याकाळ सुरेख होती. बायको स्वतःहून म्हणाली, "असू द्या उघडा." तीन वर्षांत पहिल्यांदा. मला भरून आलं.

भरून वरही आलं होतं, ते सात रस्त्याच्या पुढं लक्षात आलं. टपोरे थेंब. मी ऐटीत गाडी कडेला घेतली, बटण दाबलं. टुंग. पुन्हा दाबलं. टुंग. टप जागचा हलेना. सील नवं, तेल भरलेलं, पट्टी पक्की, भोकं मोकळी. कारण घरी आल्यावर कळलं. डिकीत सामान आणि टप यांच्यामध्ये एक पडदा असतो, तो आपल्या खाचेत बसलेला असेल तरच टप हलतो, नाहीतर सामान चेंगरेल. चादरींच्या गठ्ठ्यानं तो पडदा खाचेतून निघाला होता. म्हणजे यंत्रणेचा दोष शून्य. पण होटगी रोडला भर पावसात हे कुणाला सुचतंय!

बायको एक शब्द बोलली नाही. उतरली, डिकीतून डबल बेडची चादर ओढून काढली, पिशवी फाडली, एक टोक समोरच्या काचेच्या वरच्या पट्टीत खोचलं, दुसरं मागच्या सीटच्या पाठीला अडकवलं आणि मधला भाग दोन्ही हातांनी वर धरून बसली. "चला." मी निघालो. चादर भिजत गेली तशी जड होत गेली, मोरांची नक्षी हळूहळू आमच्या डोक्यांवर येऊन टेकली. आसरा चौकात शेजारी रिक्षा थांबली. रिक्षावाल्यानं वाकून आत बघितलं, आणि अगदी मनापासून म्हणाला, "काका, टप एक नंबर हाय!"

डोकी कोरडी राहिली, हे खरं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले, पडदा खाचेत बसवला, बटण दाबलं, टप मुकाट्यानं मिटला. त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त हसले, ते जास्त लागलं. संध्याकाळी वही उघडली तर आदल्या दिवसाची नोंद आधीच झालेली. अक्षर बायकोचं.

"डबल चादर, मोराची, १ नग." उजव्या रकान्यात. सुधारणा.