‘खाजगी नोकरीत धर्म बघून काढलं तरी काही करता येत नाही’? करता येतं!

ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत कामगारांच्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: ‘समानता फक्त सरकारी नोकरीत. खाजगी मालक धर्म बघून कुणालाही काढू शकतो. पत्रात धर्म लिहीत नाहीत, म्हणून सिद्ध काही होत नाही. राजीनाम्यावर सही झाली की विषय संपला.’ पाठवणाऱ्यांनी तो काळजीपोटी पाठवला असेल. पण मी एमआयडीसीतल्या कामगारांचे तक्रार अर्ज लिहून देते, आणि हा मेसेज वाचून माणसं अर्ज न करताच घरी बसतात हे बघतेय.

समानतेचं वाक्य अर्धं खरं आहे. घटनेचं कलम 16 सरकारी नोकरीपुरतंच आहे. एचआयव्हीबाधितांसाठी 2017 चा आणि तृतीयपंथीयांसाठी 2019 चा कायदा खाजगी मालकालाही बांधतो. धर्मासाठी असा स्वतंत्र कायदा देशात नाही. नोकरीतला भेदभाव मोडून काढायचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 111 क्रमांकाचा करार भारताने 1960 मध्येच मान्य केला, त्यात धर्माचा उल्लेख आहे, तरीही नाही. याची मला चीड येते.

म्हणून मालकाला रान मोकळं आहे असं मात्र नाही. कामगार कायदा मालकाला विचारतो, का काढलं आणि चौकशी केली का? सूड म्हणून काढणं, उघड खोटं कारण दाखवून काढणं, एका गटाला झुकतं माप देणं, या सगळ्याला जुना औद्योगिक विवाद कायदा अनुचित प्रथा म्हणत होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती यादी आहे. आठ दिवसांहून जास्त गैरहजर म्हणून एका खाजगी कंपनीने कामगाराचं नाव चौकशीशिवाय पटावरून काढलं होतं. त्या डी. के. यादव खटल्यात 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निम्म्या थकीत पगारासह परत कामावर घ्यायला लावलं. मॅनेजर आणि 18,000 रुपयांहून जास्त पगाराचे सुपरवायझर या कायद्यात बसत नाहीत, हेही सांगायला हवं. पण पॅकिंगला, मशीनवर, गोदामात राबणारे बसतात.

आता ‘सिद्ध होत नाही’. इथेच माणूस सगळ्यात जास्त खचतो.

रबाळ्याच्या एका कारखान्यातला पॅकिंगचा कामगार माझ्याकडे आला, नऊ वर्षं नोकरी झालेला. पत्रात लिहिलं होतं, ‘वारंवार कामाची जागा सोडून जाणे’. तो दर शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत नमाजला जायचा. नवा अधिकारी आल्यापासून त्याला टोमणे सुरू झाले होते. मी म्हटलं, ‘भाऊ, गेटचं रजिस्टर बघायला मिळेल का?’ सिक्युरिटीवाल्याने चार पानांचे फोटो काढू दिले. शुक्रवार, बाहेर 1.05, आत 1.40. अर्ध्या तासाच्या सुट्टीवर पाच मिनिटं. त्याच पानावर त्याच्याच लाइनीतले दोघं, बाहेर 1.00, आत 1.45, वडापावच्या गाडीवर. मंगळवारी देवळात जाणारा एकजण तर पन्नास मिनिटांनी परतलेला. कुणालाच नोटीस नाही, आणि असूही नये. पण पत्र एकट्यालाच का, याचं उत्तर आता कंपनीला द्यायचं आहे. धर्म हा शब्द कागदावर नसतो. मात्र सारखीच चूक केलेल्या चौघांतल्या एकालाच शिक्षा झाली हे कागदावर दिसतं. हजेरी, पाळीचं वेळापत्रक, व्हॉट्सॲपवरचे टोमणे, सगळं तारखेनिशी जपून ठेवा. बौद्ध बांधवाला रजा मागितल्यावर खाली मान घालायला लावली, माळ घातली म्हणून कुणाला हिणवलं, तिथेही हेच करायचं.

राजीनाम्याचं म्हणाल तर धमकावून घेतलेली संमती करार कायद्यात, 1872 पासून, रद्द ठरवता येते. मात्र धमकावलं हे आपल्यालाच दाखवावं लागतं. म्हणून सही करू नका. ‘घरी विचारून उद्या सांगतो’ एवढंच म्हणा. केबिनमध्ये कोंडून सही घेतलीच, तर त्याच संध्याकाळी ‘हा राजीनामा मी मर्जीने दिलेला नाही’ असा ईमेल कंपनीला पाठवा. महिन्याभराने पाठवलेल्या ईमेलवर कोण विश्वास ठेवणार?

कोर्टाची पायरीही लगेच नसते. आधी ठाण्यातल्या कामगार आयुक्त कार्यालयात साध्या कागदावर तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. समेट अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावतो. नव्या संहितेत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षांनंतर तो हे प्रकरण हाती घेऊ शकत नाही, म्हणून हा मेसेज वाचून घरी बसलेल्याचा एकेक महिना कमी होतोय.

पॅकिंगवाल्या भावाने सही केली नव्हती. आमची पुढची तारीख बुधवारी आहे. त्या चार पानांच्या झेरॉक्सच्या तीन प्रती काढल्यात: एक अधिकाऱ्याला, एक कंपनीला, एक त्याच्याकडे.