गाजलेला अल्बम दुकानात नसतो तेव्हा

गाजलेले अल्बम फक्त एकाच मोठ्या साखळीत विकण्याच्या, म्हणजे एक्सक्लुझिव्ह, करारांवर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून दोन दिवस थांबलो. तुमचं म्हणणं असं: अल्बम कुठे विकायचा हा कलाकाराचा हक्क आहे, दुकानांच्या एका मोठ्या साखळीशी करार झाला की गिऱ्हाइकाला तो स्वस्तात मिळतो, आणि रेकॉर्डची छोटी दुकानं इंटरनेटमुळे बंद पडली, त्याचं खापर मी उगाच एक्सक्लुझिव्ह करारांवर फोडतोय. शिवाय स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांसाठी साजरा होणारा 'रेकॉर्ड स्टोअर डे' तरी वेगळं काय करतो, असंही तुम्ही विचारलं आहे.

खापराबद्दल तुमचं बरोबर आहे. 'या करारांनी दुकानं संपवली' असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. टॉवर रेकॉर्ड्ससारख्या संगीत विकणाऱ्या बलाढ्य साखळीची अमेरिकेतली दुकानं 2006 मध्ये बंद झाली, आणि वॉलमार्ट या मोठ्या साखळीशी करार करून काढलेला ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचा अल्बम त्यानंतर, 2007 मध्ये आला. ते वाक्य मी काढून टाकलं आहे. पण माणूस आधीच आजारी आहे, म्हणून त्याच्या ताटातला घास उचलला तर चालतं, असंही नाही ना?

तो घास कोणता, हे मूळ लेखात मला नीट सांगता आलं नव्हतं. छोट्या दुकानाचं नुकसान त्या एका अल्बमच्या नफ्याएवढंच असतं, असं तुम्ही धरून चालला आहात. त्यावरचा नफा मुळात थोडाच असतो. खरं नुकसान होतं ते न आलेल्या गिऱ्हाइकाचं. माणूस गाजलेला अल्बम घ्यायला दुकानात शिरतो, काउंटरमागे काहीतरी वेगळंच वाजत असतं, तो विचारतो 'हे कोण?', आणि जाताना ज्याचं नावही कधी ऐकलं नव्हतं अशा बँडची तबकडी त्याच्या पिशवीत असते. नवख्या बँडचे महिनोन्‌महिने न खपणारे अल्बम दुकानदार मांडून ठेवू शकतो, कारण खपणारे अल्बम भाडं भागवतात. नेमका तो खपणारा अल्बमच दुसरीकडे गेला, तर आधी नवख्यांचा कप्पा रिकामा होतो. ज्यांचा या करारांशी काडीचाही संबंध नाही, अशा गायकांना त्याची झळ बसते. मला सगळ्यात जास्त सलतं ते हे.

आता स्वस्ताईचं. ईगल्सचा दोन सीडींचा अल्बम वॉलमार्टने 11.88 डॉलरला विकला. पहिल्याच आठवड्यात 7 लाख 11 हजार प्रती गेल्या. गिऱ्हाइकाचा फायदा झाला, मान्य. पण मोठ्या साखळीला सीडीवर कमवायचं नसतं. सीडीसाठी आलेला माणूस टीव्ही, फ्रिज, किराणा घेऊन जावा हा हिशेब असतो. हिशेब बदलला की संगीताचं काय होतं तेही पाहा. 2008 मध्ये गन्स अँड रोझेस या रॉक बँडच्या 'चायनीज डेमॉक्रसी' अल्बमच्या 13 लाख प्रती बेस्ट बाय या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळीने आगाऊ उचलल्या. पहिल्या आठवड्यात खपल्या सुमारे 2 लाख 61 हजार. आणि 2018 मध्ये त्याच बेस्ट बायने आपल्या दुकानांतल्या सीडीच आवरत्या घेतल्या.

कलाकाराच्या हक्काबद्दल आपला वाद नाही. पण दुकानदारालाही नाराज व्हायचा हक्क आहे. 2005 मध्ये कॅनडाची गायिका अलानिस मॉरिसेटचा 'जॅग्ड लिटल पिल अकूस्टिक' हा अल्बम सहा आठवडे फक्त स्टारबक्सच्या कॉफीच्या दुकानांत मिळणार असं ठरलं, तेव्हा कॅनडातल्या एचएमव्ही या संगीताच्या दुकानांच्या साखळीने तिचे जुने अल्बमही कपाटातून उतरवले. एचएमव्ही काही छोटं दुकान नव्हे. त्यांनाही ते इतकं लागलं, तर वर्षानुवर्षं त्या गायकांची पोस्टर्स काचेवर लावणाऱ्या एकट्या दुकानदाराला काय वाटत असेल?

'रेकॉर्ड स्टोअर डे' हाही एक्सक्लुझिव्हच, हे खरं. 2008 पासून त्या दिवसाच्या खास रेकॉर्ड फक्त स्वतंत्र दुकानांना मिळतात. फरक इतकाच, की तिथे माल एका मालकाकडे न जाता शेकडो दुकानांत विखुरतो. त्यातही दोष आहेत. न खपलेला माल परत करता येत नाही, त्यामुळे एका दिवसासाठी दुकानदाराचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. त्यावर मी वेगळं लिहायला हवं होतं.

मग कलाकाराने मोठ्या साखळीचे पैसे नाकारायचे का, असं तुम्ही विचारलंत. नाही. 2009 मध्ये पर्ल जॅम या रॉक बँडने 'बॅकस्पेसर' अल्बमसाठी अमेरिकेत टार्गेट या साखळीशी करार केला. मोठ्या साखळ्यांपैकी अल्बम फक्त टार्गेटला मिळाला, पण स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांचा रस्ता त्यांनी मोकळा ठेवला. त्यापायी अल्बमचं काही अडलं नाही. बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या, यादीत तो पहिल्याच आठवड्यात पहिला आला.