चार भोकं, शंभर मिलिमीटर

मॅगव्हील, म्हणजे लोखंडीऐवजी मिश्रधातूची देखणी चाकं, घ्यायची म्हटलं की सगळं जग गाडीकडे समोरून बघायला लागतं. काळी घ्यावीत की रुपेरी, स्पोक पाच हवेत की पंधरा, यावर वॉचमनपासून विहीणबाईंपर्यंत प्रत्येकाला मत असतं. चाक गाडीला बसणार की नाही हे ज्या आकड्यांवर ठरतं, ते मात्र चाकाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत कोरलेले असतात आणि ते वाचायला खाली वाकावं लागतं. वाकायला कुणी तयार नसतं.

माझी स्विफ्ट मधल्या व्हेरिएंटची. म्हणजे खिडक्या बटणावर चालणाऱ्या, पण चाकं लोखंडी आणि वर प्लॅस्टिकच्या कॅपा. त्यातली एक कॅप खंबाटकी घाटात स्वतंत्र झाली, दुसरी सोसायटीच्या स्पीडब्रेकरने ठेवून घेतली. योगायोगाने दोन्ही उजवीकडच्या. तेव्हापासून कुणाकडे गेलो की मी यजमानांना गाडीची डावी बाजू दिसेल अशा बेताने गाडी लावतो. यावर उपाय म्हणून घरात मॅगव्हीलचा विषय निघाला आणि बायकोने तो सातारला, माहेरी, फोनवर सांगितला.

साताऱ्यात माझा मेहुणा राहतो. त्याच्या गाडीला १७ इंची चाकं आहेत. एवढं मोठं चाक त्या कमानीत मावायचं तर टायर बारीक करावा लागतो, त्यामुळे रबर साडीच्या काठाएवढंच उरलंय. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आतून ‘खर्र’ असा आवाज येतो आणि ऐंशीच्या पुढे गाडी थरथरते. मेहुण्याच्या मते तो गाडीचा जोश आहे. "दाजी, डोळं झाकून घ्या," तो म्हणाला. गाडीच्या बाबतीत डोळे झाकून करायची कुठलीही गोष्ट मला सुचेना, म्हणून मी उघड्या डोळ्यांनी नाना पेठ गाठली.

नाना पेठेत गाडीचा असा भाग नाही जो मिळत नाही, आणि असा दुकानदार नाही जो ‘बसत नाही’ म्हणतो. मी एका दुकानात शिरलो. भिंतभर चाकं टांगलेली. मालकाने माझ्याकडे, मग रस्त्यापलीकडच्या माझ्या गाडीकडे (दुर्दैवाने उजव्या बाजूकडे) पाहिलं आणि एक चाक खाली उतरवलं.

"पीसीडी किती?" मी विचारलं.

"चार नटांचं आहे साहेब. तुमची चार नटांचीच ना?"

इथेच खरी गोम आहे. चार नट पुष्कळ गाड्यांना असतात. ते नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास म्हणजे पीसीडी, आणि तो गाडीगणिक वेगळा असू शकतो. स्विफ्टचा १०० मिलिमीटर. जुन्या फोर्ड फिगोचा १०८. फियाट पुंटोचा ९८. मालकाने उतरवलेलं चाक नेमकं पुंटोचं निघालं. दोन मिलिमीटरने काय होतंय, असं त्यांचं म्हणणं. "नट ओढला की येतंय जागेवर." येतं, हे खरंच आहे. नट तिरका बसतो, बसल्यासारखा दिसतो आणि आपल्या सवडीने सैल होतो. सवड त्याला साधारणपणे हायवेवर मिळते.

मग त्यांनी आठ भोकांचं चाक काढलं. त्यातली चार भोकं १०० वर, चार १०८ वर. म्हणजे चार आपली आणि चार फोर्डवाल्याची. हे चाक खरोखर बसतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आयुष्यभर दुसऱ्याची चार भोकं घेऊन हिंडायचं, हे काही मनाला पटेना.

"सेंटर बोअर किती आहे याचा?"

"बोअर नाही होणार साहेब, लई चालतंय हे डिझाइन."

मी नाद सोडला नाही. चाकाच्या मधल्या मोठ्या भोकात गाडीचा हब जातो, म्हणजे ज्यावर चाक बसतं तो मधला गोल भाग; त्या भोकाचा व्यास म्हणजे सेंटर बोअर. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा. बाजारातल्या चाकांचं भोक बहुतेक वेळा ७३.१ चं, कारण एकच चाक दहा गाड्यांना विकायचं असतं. मधली जागा भरायला एक कडं मिळतं, हब रिंग. किमतीच्या मानाने अगदी किरकोळ वस्तू. ते नसेल तर चाक हबवर नेमकं मधोमध न येता नटांच्या भरवशावर राहतं, केसभर सरकलेलं बसतं आणि मग वेगात स्टिअरिंगला ‘जोश’ येतो. मी रिंग मागितली तेव्हा मालकांनी पोऱ्याकडे पाहिलं, पोऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनी मिळून मला चहा मागवला. पुण्यात दुकानदार स्वतःहून चहा मागवतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

चाक किती भार पेलेल ते सांगणारा किलोतला आकडा आणि ‘जेडब्ल्यूएल’ या जपानी प्रमाणाचा ठसा मी चाकावर शोधत होतो, तेव्हा मालक जरा काळजीने म्हणाले, "वजन किती पडणार साहेब? घरचे चारच ना तुम्ही?"

ऑफसेटचं त्यांना मी कागदावर काढून दाखवलं. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि जिथे ते हबला टेकतं तो पृष्ठभाग, यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. समजा, मूळ चाक ५ इंच रुंद आणि ऑफसेट ४५. नवं ७ इंच रुंद आणि ऑफसेट ३५. रुंदीतला दोन इंचांचा फरक दोन्ही बाजूंना निम्मा निम्मा वाटला जातो आणि ऑफसेटमुळे सगळं चाक १० मिलिमीटर बाहेर सरकतं. हिशेब केला तर बाहेरची कड साडेतीन सेंटिमीटर बाहेर येते आणि आतली कड दीड सेंटिमीटर आत, सस्पेन्शनच्या अंगावर. बाहेर आलेलं चाक तरण्या मंडळींना आवडतं. पावसाळ्यात ते गाडीच्या अंगावर आणि शेजारच्या स्कूटरवाल्यावर जो चिखल उडवतं, तो स्कूटरवाल्याला आवडत नाही. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, गाडीत मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करण्यावर बोट ठेवायला. मालकांनी कागद निरखून पाहिला आणि विचारलं, "साहेब, तुम्ही मास्तर आहात का?"

घरी आल्यावर मी मापं घेतली. चार नटांच्या चाकाचं बरं असतं, समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर मोजलं की झालं. पाच नटांना समोरचं भोकच नसतं. व्हर्निअर कॅलिपर घेऊन पार्किंगमध्ये उताणा पडलो होतो तर वॉचमन आला, मग त्याने सेक्रेटरींना बोलावलं, आणि सेक्रेटरींनी माझे फक्त पाय ओळखून, "अहो, काही हरवलंय का?" असं विचारलं.

टायरचं गणित मात्र मला मनापासून आवडलं. माझ्या गाडीला १६५/८० आर १४. पहिला आकडा रुंदी, दुसरा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगणारा, तिसरा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचात. सगळं मिळून उंची भरते ६१९.६ मिलिमीटर. याच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनी १८५/६५ आर १५ देते, त्याची उंची ६२१.५. डिस्क एक इंचाने वाढली आणि टायर दोन मिलिमीटरसुद्धा वाढला नाही! हे उत्तर आलं तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते आणि मी बायकोला उठवून सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि कूस बदलून झोपली. दुकानात मला ‘मस्क्युलर दिसते’ म्हणून सुचवलेला २०५/६० आर १६ याच हिशेबाने ६५२ येतो, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. काट्यावर ८० दिसत असतील तेव्हा गाडी ८४ ने पळणार. दंडाची पावती आल्यावर माझा टायर मस्क्युलर आहे, हे कुणाला सांगायचं?

तर ठरलं. १५ इंच, साडेपाच इंच रुंदी (१८५ च्या टायरला ५ ते ६.५ चालते, ७ नाही), ४ बाय १००, ऑफसेट मूळ चाकाच्या जवळपास आणि सोबत ५४.१ ची रिंग. डिझाइनचं मी बायकोवर सोपवलं. तिने कॅटलॉगमधल्या जाळीदार चाकांवरून बोट फिरवलं, "हे पुसणार कोण?" एवढंच विचारलं आणि पाच जाड स्पोकांचं निवडलं. सगळ्या प्रकरणातला सर्वांत शास्त्रशुद्ध निर्णय तोच असावा.

बसवताना नटांवरून पुन्हा जुंपली. सुझुकीचे आटे १.२५ पिचचे (म्हणजे दोन आट्यांत तेवढे मिलिमीटर), चाकांबरोबर आलेले नट १.५ चे. चुकीचा नट दोन आटे गुमान आत जातो आणि मग अडतो. कारागीर त्या अडलेल्या नटावर गन लावणार, एवढ्यात मी मध्ये हात घातला. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी यापूर्वी फक्त मुलाच्या गणिताच्या बाईंच्या डोळ्यांत पाहिली आहे. नट बदलून आले. रिंगा बसल्या. बॅलन्सिंग झालं. गाडी ऐंशीला काय, शंभरलाही हलेना. स्टेपनी जुनीच, लोखंडी १४ इंची. उंची जुळत असल्याने वेळप्रसंगी चालते.

एकच काम उरलं होतं. नवी चाकं बसवली की पहिल्या ८०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा ठराविक जोराने आवळायचे असतात. पुण्यातल्या पुण्यात शंभर किलोमीटर व्हायला महिना गेला असता. पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर.

"या रविवारी तुझ्या माहेरी जाऊन येऊ," मी म्हणालो.

बायकोच्या हातातली कणीक तशीच राहिली. लग्न झाल्यापासून हा प्रस्ताव माझ्या बाजूने कधी आला नव्हता. तिने आईला फोन केला, आईने पुरणाची डाळ भिजत घातली, मेहुण्याने रजा टाकली. रविवारी अकराच्या सुमारास आम्ही पोहोचलो. सासूबाई तुकडा ओवाळायला दारात उभ्या होत्या. मी उतरलो, सगळ्यांना लांबूनच नमस्कार केला, डिकीतून टॉर्क पाना काढला आणि पुढच्या चाकाशी बसलो.

सासूबाई भाकरतुकडा हातात धरून तशाच थांबल्या. सासरे सोप्यातून चष्मा सावरत बाहेर आले.

"काय पाहुणं," ते म्हणाले, "आल्या आल्या पंक्चर व्हय?"