साउराच्या आधीचा गादेस

अंतोनियो गादेसवरचा लेख आवडला, पण फ्लॅमेन्को या स्पॅनिश नाचातला हा नर्तक-कोरिओग्राफर दिग्दर्शक कार्लोस साउराच्या सिनेमांमुळे मोठा झाला असं जे म्हटलंय ते मला अजिबात पटलं नाही. साउराचा १९८१ चा 'ब्लड वेडिंग' सिनेमा आला त्याच्या किती आधी, १९७४ मध्येच, गादेसने स्पॅनिश नाटककार लोर्काच्या नाटकावरून 'ब्लड वेडिंग' स्टेजवर बसवलं होतं, साउराने ते बघून कॅमेरा लावला, मूळ कोरिओग्राफी गादेसचीच. शेवटची सुऱ्यांची मारामारी बघा, पूर्ण स्लो मोशनमध्ये आणि म्युझिक बंद, फ्लॅमेन्को म्हणजे नुसता पायांचा कडकडाट समजणाऱ्यांनी तर नक्की बघाच. ही शिस्त नर्तकी पिलार लोपेसच्या डान्स कंपनीतली, पोरगा असतानाच तिथे गेला, गादेस हे नावही तिनेच दिलेलं. आणि १९७५ ला स्पेनचा हुकूमशहा फ्रँकोच्या सरकारने पाच जणांना गोळ्या घातल्या तेव्हा ऐन भरात असलेली स्वतःची कंपनी याने निषेध म्हणून बंद करून टाकली, एवढी मोठी गोष्ट लेखात नाहीच! नंतर १९७८ ला स्पेनच्या नॅशनल बॅलेचा पहिला डायरेक्टर तोच. क्रिस्तिना ओयोसवर पण चार ओळी हव्या होत्या, इतकी वर्षं त्याच्यासोबत नाचली ती, सिनेमातली नवरी तीच आहे. जमलं तर तिच्यावर वेगळा लेख लिहा प्लीज.