रीसेट, उलटे पेडल आणि तंबोऱ्यातला गंधार

सप्रेम नमस्कार.

घरच्या डिजिटल पियानोवरील माझ्या लेखाला ऐरोलीहून आपण पाठवलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले आक्षेप चार आहेत. ‘काही अडले तर फॅक्टरी रीसेट करा’ हा माझा सल्ला मानल्यामुळे मुलीने नोंदवलेल्या चाली पुसल्या गेल्या. एवढे करूनही पेडल उलटेच चालते आणि दुरुस्तीवाला आता मुख्य बोर्ड बदलायला सांगतो. ६४ स्वरांची पॉलिफोनी, म्हणजे एकाच वेळी ६४ स्वर वाजवण्याची क्षमता, पुरेशी असल्याचे मी लिहिले, तरी आपल्याकडे आवाज मध्येच तुटतो. आणि ‘हे वाद्य बेसूर होत नाही’ हे माझे विधान आपल्या तंबोऱ्यासमोर टिकत नाही.

पहिल्या आक्षेपावर माझ्याकडे बचाव नाही. अनेक वाद्यांत रीसेटबरोबर नोंदवलेली गाणीही जातात, हे मला माहीत होते, कारण नौपाड्यातल्या आमच्या घरी पुतण्याच्या नोंदी माझ्याच हातून अशा गेल्या होत्या. तरीही लेखात ते लिहायचे राहिले. तो सल्ला आता मी लेखाच्या शेवटी नेला आहे आणि त्याआधी नोंदी पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर उतरवून घेण्याची सूचना घातली आहे. आपल्या मुलीच्या चाली त्याने परत येणार नाहीत, याची खंत आहे.

बोर्ड मात्र कृपया इतक्यात बदलू नका. सूर लांबवणारे साधे सस्टेन पेडल म्हणजे केवळ एक खटका असतो. काही पेडलांत पाय दाबल्यावर वीजमार्ग जोडला जातो, तर काहींत तो तुटतो. दोन्ही प्रकारची पेडले चालावीत म्हणून बऱ्याच वाद्यांत अशी योजना असते की, वाद्य सुरू होण्याच्या क्षणी पेडल ज्या स्थितीत असेल तीच ‘पाय उचललेला’ अशी धरली जाते. त्या क्षणी पेडल दाबलेले असले, किंवा त्याची पिन वाद्य सुरू झाल्यानंतर खोचली, तर पाय उचलल्यावर सूर लांबू शकतात आणि दाबल्यावर तुटू शकतात. आपण लिहिता की, पियानोचे बटण कायम दाबलेले असते आणि आपण भिंतीवरच्या स्विचनेच तो सुरू करता. मुलगी स्टुलावर बसून, पाय पेडलवर ठेवून मग स्विच लावायला सांगत असेल, तर कारण तेच असण्याचा संभव मला सर्वाधिक वाटतो. रीसेट स्मृतीतली मांडणी पुसतो. सुरू होतानाचा पाय तो कसा हलवणार? वाद्य बंद करून पिन घट्ट खोचावी, पेडलवर पाय, सतरंजीची कड किंवा स्टुलाचा खूर नाही हे पाहावे आणि मग स्विच लावावा. एवढ्यानेही फरक पडला नाही, तर पेडलच्या तळाशी किंवा कडेला पोलॅरिटीचा, म्हणजे खटक्याची ही जोड-तोड उलटवणारा, बारीक स्विच आहे का, ते पाहावे. असल्यास वाद्य बंद ठेवूनच तो सरकवावा.

आवाज तुटण्याबाबत आपले निरीक्षण बरोबर आहे आणि माझे विधान अपुरे होते. बोटे दहा असताना ६४ स्वर कमी कसे पडतील, असे मलाही आधी वाटे. परंतु अनेक वाद्यांत स्टिरिओ ध्वनीमुळे एका पट्टीला दोन स्वर खर्ची पडतात, आणि पियानोवर स्ट्रिंग्जचा थर चढवला की ते चार होतात. म्हणजे पेडल धरून सोळा पट्ट्या वाजल्या की चौसष्ट संपले. सतराव्या पट्टीसाठी वाद्य बहुधा सर्वांत जुना सूर सोडून देते. थर काढून तीच रचना वाजवून पाहावी. तुटणे थांबले, तर स्पीकरवर संशय घेण्याचे कारण उरत नाही.

तंबोऱ्याचा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटला. ‘सूर उतरत नाहीत’ एवढेच मला म्हणता आले असते. उतरणे वेगळे आणि जुळणे वेगळे. षड्ज-पंचम जुळतात, पण गंधार बोचतो, असे आपण नोंदवले आहे, त्यामुळे दोष ४४० हर्ट्झच्या मूळ पट्टीत नाही, हे उघड आहे. पियानोत सप्तकाचे १२०० सेंट (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे बारीक माप) बारा सारख्या भागांत वाटलेले असतात. त्यात पंचम ७०० वर येतो, शुद्ध पंचमापेक्षा जेमतेम दोन सेंट खाली, आणि ते कानाला खटकत नाही. गंधार मात्र ४०० वर येतो, तर तंबोऱ्याच्या खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार ३८६ च्या आसपास असतो. चौदा सेंटांचा हा फरक आपण यंत्राविना ओळखलात, यावरून घरातला कान तयार आहे, असे म्हणायला हरकत नाही.

यावर एक दुर्लक्षित सोय आहे. काही डिजिटल पियानोंच्या मेनूत ‘टेम्परामेंट’, म्हणजे सप्तकातले स्वर कसे लावायचे याची निवड, असते. त्यात शुद्ध गंधार देणारे ‘प्युअर मेजर’ निवडून, ट्रान्सपोज (पट्टी वर-खाली सरकवण्याची सोय) शून्यावर ठेवून, मूळ स्वर आपल्या षड्जाचा द्यावा, म्हणजे काळी एकमध्ये गात असाल तर सी शार्प. मुलगी पाश्चात्त्य धडे वाजवायला बसण्यापूर्वी ते आठवणीने बारा सारख्या भागांच्या ‘इक्वल’वर आणावे, नाहीतर अन्य पट्ट्यांतले कॉर्ड्‌स विचित्र ऐकू येतील. आपल्या वाद्यात हा मेनू नसेल, तर तंबोरा सुरू असताना पियानोवर केवळ षड्ज-पंचम धरावेत आणि गंधार गळ्यावर सोपवावा. आमच्या घरी भूप गाताना आम्ही तसेच करतो.